तुरुंगात नुसत्या वाचनाने माणूस शिकतो का?

खाडीपलीकडे
२३ जुलैला, टिळक जयंतीला, रत्नागिरीत मंडालेची आठवण निघतेच. १९०८ ते १४ या कैदेत टिळक जर्मन, फ्रेंच, पाली शिकले, पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं. पण आज आपल्याच शहरातल्या विशेष कारागृहात, अलिबागला, सावंतवाडीला जे आत आहेत, त्यांच्या हाती वाचायला काय पडतं, याची चौकशी आपण करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आत वेळच वेळ असतो. पुस्तक मिळालं तर माणूस मास्तराशिवायही शिकतो. अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा पुढारी माल्कम एक्स तरुणपणी, १९४६ साली चोरीच्या गुन्ह्यात आत गेला. शाळा आठवीत सुटलेली, साधं पत्र लिहायचं तर शब्द सापडेनात. त्याने शब्दकोश मागून घेतला आणि पहिलं पान विरामचिन्हांसकट वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी पुढचं. रात्री दहाला दिवे गेले की व्हरांड्यातला उजेड जेवढा कोठडीत येई तेवढ्यात वाचत बसायचा. डोळे बिघडले, चष्मा लागला. १९५२ साली सुटला तेव्हा तो कुणाही विद्वानाशी वाद घालू शकत होता. आपल्याकडे हे का होऊ नये?

सडा_आणि_समुद्र
टिळकांना यातून वगळा. ते बी.ए., एलएल.बी. होऊन, वर्षानुवर्षं अग्रलेख लिहून आत गेले. त्यांना शेकडो पुस्तकं मागवता आली. ज्याला वाचताच येत नाही, त्याला मंडालेची गोष्ट सांगून काय उपयोग?

माल्कमचंही अर्धंच सांगितलंत. नॉरफोकच्या ज्या तुरुंगात तो होता तिथे एका धनिकाने मृत्युपत्राने दिलेला मोठा ग्रंथसंग्रह होता, वादसभा भरायच्या, बाहेरून प्राध्यापक शिकवायला यायचे. वाचनाची गोडीसुद्धा आधी एका सहकैद्याने लावली होती. तो एकटा शिकला, हे मला पटत नाही.

आणि आपल्या कोकणातलंच बघा. गागोद्याचे विनोबा आणि पालगडचे साने गुरुजी, १९३२ साली दोघेही धुळ्याच्या तुरुंगात. विनोबा गीतेवर बोलत, कैदी ऐकत, गुरुजी उतरवून घेत. शिक्षण झालं ते माणसाने माणसाला दिल्यामुळे.

वकीलीणबाई
मी आरोपींची कामं बघते, म्हणून राहवत नाही. माझा एक अशील ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशी होता. लिपी देवनागरीच, त्यामुळे अक्षरं यायची, मराठी शब्द अडायचे. बराकीत येणारं वर्तमानपत्र तो बोट ठेवून वाचायचा. काही महिन्यांनी भेटीला गेले तर आरोपपत्राची प्रत जाळीला लावून म्हणाला, "मॅडम, यात माझं वय चुकलंय, आणि बोटीचं नाव दोन ठिकाणी वेगळं आहे." दोन्ही खरं होतं. माझ्या नजरेतून सुटलं होतं. त्याला कुणीही शिकवलं नव्हतं.

मालवणचो_गडी
माका एक सांगा, आतलो माणूस कोर्टाच्या तारखेची वाट बघता. त्याचा लक्ष पुस्तकात खयसून लागतला?

वकीलीणबाई
@मालवणचो_गडी, तुमचा मुद्दा खरा आहे. देशभरात दर चार कैद्यांत साधारण तीन कच्चे कैदी आहेत, शिक्षा न झालेले. कधी सुटणार हे माहीत नसताना मन लागत नाही. पण माझ्या अशिलाला त्याच तारखेने वाचायला बसवलं.

खाडीपलीकडे
वाचन आणि सुटका जोडलीही जाऊ शकते. ब्राझीलने २०१२ पासून केंद्रीय तुरुंगांत एक पुस्तक वाचून त्यावर निबंध लिहिला की चार दिवसांची सूट ठेवली, वर्षाला बारा पुस्तकांपर्यंत. आपल्याकडे मात्र तळोजा कारागृहात एका कैद्याला घरून पाठवलेलं इंग्रज लेखक वुडहाउसचं विनोदी पुस्तक सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं. २०२२ साली उच्च न्यायालयाला तो प्रकार हास्यास्पद वाटला, वुडहाउसपासून पु. लं.नी स्फूर्ती घेतली होती, असं न्यायमूर्ती म्हणाले. तळोजा आपल्या रायगडातच आहे. पुस्तकं आत जाऊ द्या, एवढंच मागतोय.

सडा_आणि_समुद्र
निबंध लिहून सूट, म्हणजे ज्याला लिहिता येतं तो आधी सुटणार. निरक्षर मागेच राहणार. सूट द्यायचीच तर जो कैदी दुसऱ्याला वाचायला शिकवेल त्याला द्या.

खाडीपलीकडे
दोघांनाही द्या की. पण शिकवणारा मिळेपर्यंत पुस्तकं अडवून ठेवू नका. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून आहे. तिथून दर महिन्याला एक पेटी कारागृहात जावी, असा अर्ज मी लिहितोय. मोठ्या टाइपातली, सोप्या मराठीतली पुस्तकं आधी. सडाभाऊ, सही कराल?

सडा_आणि_समुद्र
त्याच अर्जात आठवड्यातून दोन दिवस आत जाणारा शिक्षक मागा, मग करतो.