कॉलेजच्या लॅबसाठी यूव्ही-व्हिजिबल: पीएमटी हवीच का?

जुनी_क्युव्हेट: एमएस्सीच्या लॅबसाठी नवा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्यायचाय, म्हणजे नमुना अतिनील ते दृश्य पट्ट्यातला कुठला उजेड किती शोषतो ते मोजणारं यंत्र. विभागप्रमुख अडून बसलेत, 'फोटोमल्टिप्लायर असेल तरच सही करतो.' फोटोमल्टिप्लायर म्हणजे पीएमटी, अगदी मंद उजेडही टिपणारी डिटेक्टर नळी. मला हे पटत नाही. पोरं परमँगनेट नि डायक्रोमेट मोजणार, अ‍ॅब्सॉर्बन्स (उजेड किती शोषला त्याचा आकडा) ०.२ ते १. तिथे उजेडाचा दुष्काळ कुठाय? साधा सिलिकॉन फोटोडायोड (उजेडाची वीज करणारी चिप) १९० ते ११०० नॅनोमीटर बघतो. नेहमीच्या पीएमटीला ९०० च्या पुढे दिसत नाही, वर तिला शेकडो व्होल्ट पाजा.

डायनोडवाला: परमँगनेटवर अख्खं यंत्र ठरवताय? अ‍ॅब्सॉर्बन्स ३ म्हणजे हजारातला एक फोटॉन पलीकडे पोचतो, ४ म्हणजे दहा हजारातला एक. पीएमटीत सुटलेल्या एका इलेक्ट्रॉनचे दर डायनोडला (इलेक्ट्रॉन वाढवणाऱ्या पट्टीला) चार धरा, नऊ डायनोडांत अडीच लाखांवर जातात. तेही नळीच्या आतच, त्यामुळे पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर जाणवत नाही. द्रावण पातळ करता येतं हो, काचेवरची फिल्म कशी करणार?

क्यूसीतली_मी: ४ वाचायला आधी भटका प्रकाश आवरा! मोनोक्रोमेटरमधून (एकच तरंगलांबी निवडणाऱ्या भागातून) नको तो उजेड ०.१ टक्का जरी निसटला, तरी नमुना ठार काळा असला तरी आकडा ३ पाशी अडकतो. डिटेक्टर कुठलाही लावा. डेमोला लिटरमागे १२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण घेऊन बसा आणि १९८ नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स काय येतं ते बघा; तिथे ते जवळपास सगळा उजेड अडवतं, पलीकडे दिसतो तो भटकाच. २ च्या वर गेलं नाही तर चहा पिऊन परत या.

डायनोडवाला: हे मान्य. पीएमटीचं चीज डबल मोनोक्रोमेटरसोबतच होतं. फिल्मचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

अ‍ॅरेप्रेमी: एकेक तरंगलांबी चाळत कसले बसलात! ह्युलेट-पॅकार्डने १९७९ सालीच डायोड अ‍ॅरे आणला, म्हणजे फोटोडायोडांची रांग, सगळ्या तरंगलांब्या एकदम मोजणारी. अख्खा वर्णपट सेकंदाच्या आत. पीएच बदलत मिथिल रेडचे वर्णपट एकावर एक टाका, सगळे एकाच बिंदूतून जाताना पोरांना दिसू द्या. फळ्यावर तासभर बोलून तेवढं कळत नाही.

क्यूसीतली_मी: पण अ‍ॅरेत ग्रेटिंग (उजेडाचे रंग वेगळे करणारा भाग) नमुन्याच्या मागे. म्हणजे अतिनीलासकट सगळा झोत थेट क्युव्हेटवर (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक डबीवर). निफेडिपिन हे उजेडाने बिघडणारं औषध ठेवून बघा, मोजता मोजताच बिघडायला लागेल.

अ‍ॅरेप्रेमी: शटर मोजणीपुरतंच उघडतं, ताई. आणि एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला निफेडिपिन कोण देतं?

जुनी_क्युव्हेट: आमच्याकडे तरी नाही. फिल्मचं म्हणाल तर खालच्या मजल्यावरचे फिजिक्सवाले वर्षातून दोनदा घेऊन येतात.

डायनोडवाला: दोनदाच?

जुनी_क्युव्हेट: दोनदाच. एकदा तर फिल्म घरीच विसरून आले होते.

डायनोडवाला: मग घ्या बाई फोटोडायोड. उरलेल्या पैशांत क्वार्ट्झच्या क्युव्हेट घ्या, त्या पोरांच्या हातून फुटणारच आहेत.