ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते शंभर वर्षं बंद कशाला?

मूळ धागा – जुनीपानं
इंग्लंड-वेल्सचे १९२१ च्या जनगणनेचे तक्ते, म्हणजे घराघरातल्या माणसांची नावनिशीवार नोंद असलेले फॉर्म, जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. पुढचे थेट १९५१ चे, म्हणजे २०५२ उजाडायला हवं. मधलं काही हाती लागणारच नाही: १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. एवढं भगदाड असताना शंभरचा हट्ट कशाला? अमेरिका ७२ वर्षांनी तक्ते खुले करते, १९५० चे २०२२ मध्ये झालेसुद्धा. ब्रिटननेही १९५१ चे आताच उघडावेत.

चौकटराजा
साफ विरोध. फॉर्म भरणं कायद्याने सक्तीचं होतं, नाही भरला तर दंड. माहिती अशी सक्तीने काढून घ्यायची, वर गुप्ततेचा शब्द द्यायचा आणि मुदतीआधीच मोडायचा? १९५१ ला रांगणारं बाळ आज सत्तरी ओलांडून हयात आहे. घरात नळ, संडास, आंघोळीची सोय आहे का, हेही त्या वर्षी विचारलं होतं. स्वतःच्या बालपणीचं दारिद्र्य शेजाऱ्यांनी वाचावं असं त्याला वाटेल का?

जुनीपानं
१९११ चे तक्तेही मुदतीआधीच, २००९ मध्ये खुले झाले. अपंगत्वाचा रकाना तेवढा २०१२ पर्यंत झाकून ठेवला. कुणाचं काय बिघडलं? १९३९ चं रजिस्टर तर २०१५ मध्येच आलं.

चौकटराजा
दोन्ही दाखले लंगडे आहेत. १९३९ चं रजिस्टर ही जनगणना नव्हतीच. ते ओळखपत्रांसाठी युद्धकाळात केलेलं. आणि १९११ ला जनगणनेची माहिती गुप्त ठेवायला लावणारा १९२० चा कायदा लागू नव्हता, म्हणूनच माहिती आयुक्तांना (सरकारी माहिती मागणाऱ्यांच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) तो दरवाजा किलकिला करता आला. १९५१ ची जनगणना त्याच कायद्याखाली झाली. संसदेत कायदा बदलून आणा, मग बोलू.
आणि अमेरिकेचं कौतुक सांगताय तर हेही ऐका: दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जनगणना खात्याने जपानी वंशाच्या लोकांची माहिती सरकारी यंत्रणांना पुरवली होती.

धूळखात
ते सरकारने सरकारला दिलं हो. ७२ वर्षांनी वंशावळ शोधणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?
मला वेगळंच खटकतं. १९२१ चे तक्ते 'खुले' झाले तेव्हा घरबसल्या, एका खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर, एका पानाचं चित्र पाहायला साडेतीन पौंड पडत होते. फुकट हवं तर लंडनला क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात किंवा अशाच एखाद-दुसऱ्या ठिकाणी जा. लवकर उघडून पुन्हा खासगी कंपनीलाच गल्ला भरायला देणार असाल, तर माझा पाठिंबा धरू नका.

जुनीपानं
पैशांचं अगदी मान्य. मग मधला मार्ग: ज्यांची शंभरी उलटली त्यांच्याच ओळी उघडा, बाकी काळ्या पट्ट्याखाली. १९३९ ला हेच केलं.

चौकटराजा
पट्टे मोजता येतात. आईबापांची नावं, पत्ता आणि खाली तीन काळ्या ओळी. त्या घरात मुलं किती, हे गावातल्या कुणालाही कळेल. १९५१ साठी ते पान अख्खं झाकावं लागेल, आणि मग उघडलं काय?