मदत हवी आहे: एडिनबरा, दोन दिवस, चौघी आणि एक दुखरा गुडघा

नमस्कार मंडळी. आम्ही चौघी मैत्रिणी लीड्सहून शनिवार-रविवार एडिनबराला निघालोय. शनिवारी सकाळी वेव्हर्ली स्टेशनला उतरू, रविवारी संध्याकाळची परतीची गाडी.

किल्ला शनिवारीच करायचा हे नक्की, कारण किल्ल्यावरची दुपारी एकची तोफ रविवारी उडत नाही. 1861 पासूनची ती तोफ ऐकायचीच, असा एकीचा हट्ट आहे. तिकिटं आधी काढणार आहोत. पण तोफेच्या आधी किल्ला बघून होतो, की तोफ ऐकून मग निवांत फिरावं?

खरी अडचण रविवारची. दोघींना आर्थर्स सीट हा डोंगर चढायचाय. उंची 251 मीटरच, सिंहगड चढणाऱ्यांना काय त्याचं! पण तिसरीचा गुडघा जिना बघितला तरी कुरकुरतो. तिला घेऊन मी कॅल्टन हिलवर जाऊ का? तिथली चढण खरंच सोपी आहे ना? रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावरची दगडी फरसबंदीही तिला जमेल का, ही धाकधूक आहेच. गल्ल्यांमधल्या पायऱ्या तर आम्ही आधीच सोडून दिल्यात.

पाऊस लागला तर चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम आहेच, तेही फुकट.

आणि हो, एक जण पक्की शाकाहारी. हॅगिस म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही मिळतं म्हणे. कुणी खाल्लंय का? चव कशाच्या जवळ जाते? तिला आधी सांगून ठेवायचंय, नाहीतर ती डब्यात ठेपले घेऊनच गाडीत बसेल.