४० हजारांत आधी काय बदलावं: पंखे, फ्रिज, गीझर की एसी?

सोनचाफा (नाशिक)
टू बीएचके, माणसं चार, महिन्याला सरासरी २४० युनिट. चार साधे पंखे, १५ वर्षांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, २५ लिटरचा गीझर. शिवाय दीड टनी एसी घ्यायचाय. दुकानदार म्हणतो ५ स्टारच घ्या. क्रम काय लावावा? आणि १०० युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो ना?

मीटरवाला
नाही लागत. पहिली १०० युनिट खालच्याच दराने, तुमची वरची १४० फक्त १०१–३०० च्या दराने. म्हणजे वाचलेलं प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातलं असतं. त्या दरात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा, युनिटमागे) आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवा. हिशेबाला १२ रुपये धरू. स्थिर आकार काही केलं तरी सुटत नाही.

आधी पंखे, पण चारही नकोत. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा पंखा) ३० च्या आसपास. रोज १२ तास फिरणाऱ्या हॉलच्या पंख्यात महिन्याला १६ युनिट, म्हणजे १९० रुपये वाचतात. ३ हजारांचा पंखा सव्वा-दीड वर्षात वसूल. तासभर चालणाऱ्या खोलीतला जुनाच राहू द्या.

गीझरला हात लावू नका. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट लागणारच, स्टार कितीही असोत. गीझरचे स्टार मोजतात ते तापलेलं पाणी नुसतं पडून राहिल्यावर किती वीज जाते ते. अंघोळीआधी अर्धा तास लावून बंद करणाऱ्याला त्याचा फरक नगण्य. थर्मोस्टॅट ५० वर आणा.

वाइंडर
बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा रेग्युलेटर काढून वायर थेट स्विचला जोडायला सांगा. घाईत वायरमन तो तसाच ठेवतात. रेग्युलेटर व्होल्टेजची लाट कापतो, पंख्यातल्या सर्किटला ती कापलेली लाट सोसत नाही. पंखा अडखळतो, पुढे त्याच्या आतला सर्किट बोर्ड जातो. (रेग्युलेटरवर चालणारी मॉडेलंही मिळतात, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं.) मोटरची नाही, बोर्डाची वॉरंटी किती ते विचारा. सुटा बोर्ड आणि रिमोट गावात मिळत नसेल तर तो ब्रँड सोडा.

गारवा
एसीचं लेबल नीट वाचा. त्यावरची वार्षिक युनिट १६०० तासांसाठी असतात. समजा ३ स्टारवर ९८० आणि ५ स्टारवर ७८०. तुम्ही एप्रिल-मेच्या ६० रात्री ६ तास लावणार, म्हणजे ३६० तास. मग २०० चा फरक उरतो ४५ युनिटचा, वर्षाला ५४० रुपये. किमतीत ८ हजारांचा फरक असेल तर वसुलीला १५ वर्षं! ३ स्टार इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) एसी बास. नागपुरात दिवसभर चालणाऱ्या ऑफिसला मात्र ५ स्टारच परवडेल.

लेबलवरचा कालावधीही बघा. निकष कडक होत जातात. जुलै २०२२ मध्ये आधीचे ५ स्टार एसी ४ स्टारवर आले. गोदामातला जुना माल चकचकीत पाच ताऱ्यांनिशी खपवतात.

सोनचाफा
आणि फ्रिज?

मीटरवाला
मोजल्याशिवाय बदलू नका. गावाला जाताना बाकी सगळं बंद, फक्त फ्रिज चालू. निघताना आणि आल्यावर मीटरचं रीडिंग घ्या. रोजचं २ युनिट निघालं तर वर्षाला ७३०. लेबलवर २०० असलेला नवा घेतला तर ५०० च्या वर वाचतील, म्हणजे ६ हजार रुपये आणि, कोळशाची वीज जमेस धरता, साडेतीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तारे मोजू नका, युनिट वाचा. मोठा ५ स्टार फ्रिज लहान ३ स्टारपेक्षा जास्त खाऊ शकतो.

रीडिंग १ च्या आत असेल तर आधी रबर तपासा. दारात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर नवं रबर बसवा, फ्रिज राहू द्या.

गारवा
बदललात तर जुना बाल्कनीत ‘पाण्याच्या बाटल्यांसाठी’ ठेवू नका, वाचलेलं सगळं तोच खाईल. भंगारवाल्यालाही नको, तो नळी कापून गॅस हवेत सोडतो. त्या काळच्या फ्रिजमधल्या आर-१३४ए या गॅसचा एक किलो तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंहून भारी पडतो. अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.