खळेकाकांच्या चाली, आणि नाव मात्र गायकांचं?

षड्ज:
२ सप्टेंबर हा संगीतकार श्रीनिवास खळे यांचा स्मृतिदिन. २०११ साली ते गेले, आदल्याच वर्षी पद्मभूषण मिळालं होतं. भक्तिसंगीताच्या कार्यक्रमांत निवेदक सांगतो, ‘आता लतादीदींचा अभंग’, ‘आता पंडितजींचा (भीमसेन जोशींचा) अभंग’. ‘भेटीलागी जीवा’, ‘सावळे सुंदर रूप मनोहर’ यांची चाल कुणाची, याबद्दल अवाक्षर नाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं, तेव्हाही कवी राजा बढे आणि गायक शाहीर साबळे यांच्या मागे खळ्यांचं नाव झाकलंच गेलं. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याची चाल, त्याचं नाव गाण्याआधी घेतलंच पाहिजे.

टाळकरी:
अभंगाच्या बाबतीत नाही पटत. अभंग तुकोबांचा. वारकऱ्यांच्या फडावर, दिंडीत ज्या चाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, त्या कुणी बांधल्या हे कुणी विचारत नाही. शिवाय नुकसानही झालंय. ‘सुंदर ते ध्यान’ हा आमच्या रूपाच्या, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या अभंगांतला. हल्ली पेटीवाल्याने सूर धरला की मंडळी थेट रेकॉर्डवरच्या खळ्यांच्या चालीवर जातात. जुनी चाल येणारी म्हातारी माणसं एकेक करून चालली आहेत. खळे थोरच, पण आठवण काढायची तर हेही बोललं पाहिजे.

रागेश्री:
@टाळकरी, दोन चालींचं काम वेगळं आहे हो. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां’ म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं. फडावरची चाल या मापाला बसवलेली, त्यामुळे त्याच मापाचा दुसरा अभंगही तिच्यात म्हणता येतो आणि शंभर माणसं एका टाळावर चालतात. खळ्यांनी प्रत्येक अभंगाला त्याची स्वतःची चाल दिली. ‘कन्या सासुरासी जाये, मागे परतोनि पाहे’ नीट ऐका. आठ-आठ अक्षरांचे चरण, सहज धावले असते. चाल धावत नाही, मुलीबरोबर घुटमळते. तुकोबांचा अर्थ त्या माणसाने असा लावला, मग त्याचं नाव का घ्यायचं नाही?

मंद्र:
अर्थ लावला, कबूल. पण गळा कुणाचा? या चाली इतक्या अवघड की सामान्य गायकाकडे त्या कोसळतात. लोकांनी गायकाचं नाव लक्षात ठेवलं यात अन्याय काय?

षड्ज:
@मंद्र, त्या गळ्यांसाठीच तर त्या बांधल्या! १९८५चा खळ्यांचा भक्तिगीतांचा अल्बम ‘राम श्याम गुणगान’ घ्या. एकीकडे भीमसेनजींचा ख्यालाचा भरदार आवाज, दुसरीकडे लतादीदींची उंच पट्टी. ‘राम का गुणगान करिये’मध्ये दोघांनाही ओढाताण न होता गाता येईल अशी जागा कुणी काढून दिली? गायकांचं नाव खोडा असं मी कुठे म्हणतोय? आकाशवाणीवर कवी, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायचेच की.

टाळकरी:
रेडिओवर घ्या, मैफलीत घ्या, तिथे माझी हरकत नाही. @रागेश्री, घुटमळण्याचं पटलं. पण कीर्तनात नाव नको, आणि तिथे चालही फडावरचीच हवी. आमच्याकडे एकादशीला ‘सुंदर ते ध्यान’ जुन्या चालीवरच धरणार आहोत. ज्यांना ती येते त्यांनी जरूर यावं, पोरांना शिकवायला माणसं कमी पडताहेत.