दोन दिवसांत स्वीकारलेला शोधनिबंध मागे घेता येतो का? आणि काम न केलेल्या व्यक्तीचे नाव लेखक म्हणून घालावे का?

प्रश्न : भूगोल_अध्यापिका

नमस्कार. मी एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि माझे पीएच.डी.चे काम शेवटच्या टप्प्यात आहे. सलग तीन वर्षे, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत, तालुक्यातील ६२ विहिरींची पाणीपातळी मी काठावरून वजन बांधलेली टेप सोडून स्वतः मोजली. त्यावरचा शोधनिबंध मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून एका ऑनलाइन नियतकालिकाकडे शनिवारी सायंकाळी पाठवला आणि सोमवारी सकाळी तो स्वीकारल्याचा ईमेल आला. सोबतच्या समीक्षा अहवालात सहा रकाने होते, सहाही ठिकाणी 'उत्तम' अशी खूण होती आणि वर शीर्षक दुसऱ्याच कुणाच्या तरी लेखाचे होते. माझ्या एका तक्त्यात दोन गावांच्या आकड्यांची अदलाबदल झाल्याचे निबंध पाठवल्यावर माझ्याच लक्षात आले होते. त्याबद्दल अहवालात अवाक्षर नव्हते. तीन दिवसांत शुल्क भरावे, हे मात्र ठळक अक्षरांत होते.

मी पैसे भरलेले नाहीत आणि स्वामित्वहक्काच्या फॉर्मवर सहीही केलेली नाही. निबंध मागे घेते म्हटल्यावर त्यांनी त्यासाठी वेगळे शुल्क मागितले. दरम्यान मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे आहे की, निबंध कुठेही पाठवला तरी विभागप्रमुखांचे नाव लेखकांत असावे. विभागप्रमुखांनी चार वेळा महाविद्यालयाची गाडी मिळवून दिली आणि त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. पण त्यांनी निबंध वाचलेला नाही. या दोन्ही बाबतींत योग्य काय, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : ग्रंथपाल_मराठवाडा

ताई, कोणतेही शुल्क भरू नका. निबंध मागे घेत असल्याचा ईमेल आजच पाठवा. त्यात निबंधाचा क्रमांक आणि पाठवल्याची तारीख लिहा, स्वामित्वहक्क दिलेला नाही व शुल्क भरलेले नाही हे स्पष्ट नोंदवा, मार्गदर्शकांना प्रत ठेवा आणि लेखी पोच मागा. उत्तरासाठी मुदत द्या आणि तोवर निबंध दुसरीकडे पाठवू नका, कारण एकच निबंध एकाच वेळी दोन संपादकांपुढे ठेवणे हा लेखकाकडून होणारा नियमभंग ठरतो. मुदत उलटूनही उत्तर आले नाही, तर पुढच्या संपादकांना सोबतच्या पत्रात घडलेले सर्व सांगून पत्रव्यवहार जोडा. संमतीशिवाय त्यांनी निबंध संकेतस्थळावर चढवला आहे का, हेही शीर्षक टाकून अधूनमधून तपासत राहा.

ही परिस्थिती एकट्या तुमच्यावर आलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या पदोन्नतीला एपीआय गुणांची, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या गुणांची, जोड दिली आणि छापील निबंधांची मागणी एकाएकी वाढली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकांचा दर्जा संशयास्पद ठरत होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची नवी यादी, म्हणजे केअर यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करण्यात आली. आता दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि पर्यायाने तुमच्या-माझ्यावर आहे.

पारखताना आयएसएसएन क्रमांकावर विसंबू नका. तो केवळ ओळखक्रमांक आहे, दर्जाची खूण नव्हे. संपादक मंडळातील दोन-तीन नावे घेऊन त्या प्राध्यापकांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर ईमेल करा. आपले नाव तिथे असल्याचे त्यांनाच ठाऊक नसते, असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. काही जुन्या छापील नियतकालिकांच्या नावाने परस्पर बनावट संकेतस्थळेही उघडली गेली आहेत. त्यामुळे आमच्या ग्रंथालयात आम्ही छापील अंकावरच्या दूरध्वनी क्रमांकावर विचारल्याशिवाय अशा नियतकालिकाची शिफारस करत नाही.

उत्तर २ : माजी_संपादक

माघारीबद्दल वर नेमके सांगितले आहे. मी लेखकत्वाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तुमचा खरा कसोटीचा प्रश्न तो आहे.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा जो गट १९७८ मध्ये व्हँकूव्हरला प्रथम जमला, त्याने पुढे लेखकत्वाच्या अटी ठरवल्या आणि इतर विद्याशाखांनीही त्या बऱ्याच प्रमाणात स्वीकारल्या. आज त्या चार आहेत: संशोधनाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात, तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व. या चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. गाडी मिळवून देणे ही मोलाची मदत आहे आणि तिची जागा ऋणनिर्देशात आहे. तिथे विभागप्रमुखांचे नाव त्यांची परवानगी घेऊन, मनापासून लिहा.

चौथ्या अटीकडे विशेष लक्ष द्या. एखाद्या विहिरीचा मे महिन्यातला आकडा शेजारच्या विहिरीशी का जुळत नाही, असे उद्या कुणी विचारले, तर लेखक म्हणून नाव असलेल्या प्रत्येकाला उत्तर देता आले पाहिजे. हाच निकष मार्गदर्शकांनाही लागू होतो. केवळ मार्गदर्शक आहेत म्हणून त्यांचे नाव आपोआप येत नाही.

सरांशी वाद घालू नका. एका कागदावर तक्ता करा: आखणी, मोजणी, विश्लेषण, लेखन, आणि प्रत्येक नावापुढे कुणी काय केले ते लिहून त्यांच्यापुढे ठेवा. अनेक चांगली नियतकालिके असे योगदानपत्र मागतातच, त्यामुळे त्यात कुणाचा अवमान होत नाही. विभागप्रमुखांपुढचे रकाने रिकामे ठेवा आणि त्यांत काय भरायचे, हे सरांनाच विचारा.

उत्तर ३ : अर्थशास्त्र_शिक्षक

मी पैसे भरले होते, म्हणून लिहितो. एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या विशेषांकात माझा निबंध नोंदणी शुल्कासह छापला गेला. कॅसच्या, म्हणजे अध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या वेळी त्याचे गुण मिळाले. काही वर्षांनी ते संकेतस्थळ बंद पडले आणि आता तो निबंध कुणालाही वाचता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी जाऊन भरून आणलेल्या प्रश्नावल्या त्यात अडकल्या आहेत. तीच सामग्री नवी म्हणून पुन्हा छापणे म्हणजे स्वतःच्याच लेखनाचे चौर्य. २०२० मध्ये आयोगाने त्याबद्दल वेगळी सूचनाही काढली आहे. आधीच्या प्रकाशनाचा स्पष्ट उल्लेख करून निबंध दिला, तर पूर्वप्रकाशित लेखन घेत नाही असे संपादक सांगतात, आणि त्यांचे बरोबर आहे. पैशांचे मला काही वाटत नाही. त्या मुलांनी केलेल्या कामाचे मात्र आजही वाईट वाटते. तुमच्या विहिरी अजून तुमच्या हातात आहेत, ताई.

भूगोल_अध्यापिका

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. माघारीचा ईमेल काल पाठवला आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. आज सकाळी योगदानाचा तक्ता सरांपुढे ठेवला. त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'मोजणीच्या पद्धतीत सुधारणा' असे पेनाने लिहिले, आणि ते खरेही आहे, कारण पंप चालू असताना मोजू नये हे त्यांनीच मला सांगितले होते. विभागप्रमुखांच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले आणि तक्ता घरी घेऊन गेले. दरम्यान मी मोजणीची मूळ वही काढून त्या दोन गावांचे आकडे दुरुस्त केले आहेत. उरलेले तक्तेही नोंदींशी एकेक करून ताडून पाहत आहे.