लिनक्सवर वाईनमध्ये एफएल स्टुडिओ चालवून राहिलो, पण पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो

महालचा_ढोलकीवाला

भाऊ लोकहो जरा मदत पाहिजे, घाई पण आहे कारण १४ एप्रिल तोंडावर आली आणि भीमगीतांच्या सहा ट्रॅकचं काम अंगावर आहे.

माझा लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह, रॅम ८ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ हा लॅपटॉप घेत नाही, नवीन घ्यायचं सध्या जमत नाही. म्हणून लिनक्स मिंट २२ टाकलं, त्यात वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं) टाकलं आणि वाईनमध्ये एफएल स्टुडिओ, म्हणजे गाणं बनवायचं सॉफ्टवेअर. इन्स्टॉल झालं, उघडलं, जुनं गाणं वाजलं पण, खरंच सांगतो लय बरं वाटलं त्या रात्री.

पण मिडी कीबोर्डची (लॅपटॉपला जोडलेल्या पेटीसारख्या कीबोर्डची) पट्टी दाबली की आवाज मागून येतो, ढोलकीचा ठेका हातानं वाजवून रेकॉर्ड करणं शक्यच होत नाही, आणि बफर (आवाज पुढे जायच्या आधी साठवून ठेवायची जागा) कमी केला की कडकड कडकड सुरू. ऑडिओ इंटरफेसचा (बाहेरून जोडायच्या साउंड कार्डचा) विंडोजवाला ड्रायव्हर वाईनमध्ये टाकून पाह्यला, काही फरक नाही. दुसरं म्हणजे जुन्या फायली उघडल्या की अर्धे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) सापडत नाही म्हणते, ते सगळे डी ड्राइव्हवर होते, ती डिस्क लॅपटॉपमध्येच आहे अजून. आणि माझं ढोलकी-तबल्याचं प्लगिन (मुख्य सॉफ्टवेअरच्या आत चालणारं वाद्य) ३२ बिटचं आहे, फक्त विंडोजसाठी, बनवणाऱ्यांनी पुढे काही काढलंच नाही. त्याच्याशिवाय माझं काम नाही होत. काय करू सांगा.

तर्रीपोहा

भाऊ पहिले तो ड्रायव्हर काढून टाका. वाईन म्हणजे लिनक्सच्या पोटात बसवलेलं आख्खं विंडोज नव्हे. विंडोजचा प्रोग्राम जे मागतो, फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज काढ, ते तो लिनक्सला समजेल अशा भाषेत सांगतो, दुभाष्याचं काम करतो, म्हणून जुन्या लॅपटॉपवर पण चालतो. १९९३ पासून लोक त्यावर मेहनत करून राहिले, १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पण हार्डवेअर लिनक्सच्याच ताब्यात राहतं, तिथे विंडोजच्या ड्रायव्हरला काही कामच नसतं. इंटरफेस यूएसबी क्लास कम्प्लायंट, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न लागणारा, असेल तर लिनक्स त्याला स्वतःच ओळखतो, तुम्हाला आवाज येऊन राहिला म्हणजे ओळखलंच आहे.

उशीर होण्याचं कारण वेगळं आहे. विंडोजवर तुम्ही असिओ वापरत होते ना, स्टाइनबर्गवाल्यांचं, ते मधले थर टाळून प्रोग्रामचा आवाज जवळजवळ सरळ साउंड कार्डकडे नेतं. वाईनमध्ये ते आपोआप मिळत नाही, आवाज साध्या रस्त्यानं जातो आणि तिथे बफर मोठा ठेवावा लागतो. हिशेब करून पाहा, ४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४८००० मापं) १०२४ मापांचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात आवाज हवेतून सात मीटर जातो. म्हणजे ढोलकीवाला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसून वाजवून राहिला आणि तुम्ही इकडून गाऊन राहिले असं. १२८ चा बफर केला की २.७ मिलिसेकंद, तीन फुटांवर बसल्यासारखा. पूर्ण जाऊन-येऊन उशीर याहून जास्त असतो, पण अंदाज येतो.

तर करायचं असं की वाईनअसिओ टाका, म्हणजे वाईनमध्ये असिओ मिळते; ते केएक्सस्टुडिओच्या रेपोमध्ये (लिनक्सच्या ऑडिओ सॉफ्टवेअरच्या साठ्यात) आहे. टाकल्यावर ते तुमच्या वाईनच्या फोल्डरमध्ये रजिस्टर करावं लागते, ही पायरी लोक हमखास विसरतात आणि मग यादीत दिसत नाही म्हणून रडतात. मग एफएलच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ते निवडा. वाईनअसिओ आवाज जॅककडे (लिनक्सवर कमी उशिरात आवाज नेणारी यंत्रणा) देतं आणि मिंट २२ मध्ये जॅकचं काम पाइपवायर, म्हणजे मिंटची आवाज सांभाळणारी यंत्रणा, करू शकतं, त्याचं जॅकवालं पॅकेज पण टाकून घ्या.

कडकड आवाजासाठी आणखी एक. तुमच्या युजरला रियलटाइमची, म्हणजे ऑडिओचं काम बाकी कामांच्या आधी करायची, परवानगी आहे का पाहा. ऑडिओ ग्रुपमध्ये नाव टाकायचं, लिमिट्सच्या फाइलमध्ये त्या ग्रुपला आरटीप्रायो ९५ (कामाचा अग्रक्रम) आणि मेमलॉक अनलिमिटेड (मेमरी राखून ठेवायची मुभा) द्यायचं, लॉगआउट करून परत यायचं. हे नसलं की ब्राउझरनं जरा डोकं वर काढलं की ऑडिओ मागे पडतो आणि कडकड होते.

संत्राबर्फी

तर्रीपोहा दादांचं सगळं बरोबर आहे पण माझं मत थोडं वेगळं. मी पण पहिले सहा महिने आख्खं सॉफ्टवेअर वाईनमध्ये चालवत होते, चालतं, नाही असं नाही, पण मग जे लिनक्सवर नीट मिळतं तेही आपण उगाच दुभाष्यामार्फत वापरतो. नवीन गाण्यांसाठी मुख्य सॉफ्टवेअर लिनक्सचंच घ्या, रीपर, आर्डोर, बिटविग, जे हाताला बसेल ते, आणि फक्त ते ढोलकीचं प्लगिन वाईनमध्ये ठेवा. मी रीपर वापरते, ६० दिवस पूर्ण चालवून पाहता येतं, नंतर छोट्या कामासाठी लायसन्स ६० डॉलर.

मध्ये पूल बांधायला याब्रिज. विंडोजच्या प्रत्येक प्लगिनसाठी ते लिनक्सची एक छोटी फाइल बनवतं, रीपरला वाटतं हे लिनक्सचंच प्लगिन आहे, आतमध्ये खरं प्लगिन वाईनमध्ये वेगळं चालत असतं. व्हीएसटी २, व्हीएसटी ३, क्लॅप, प्लगिनचे हे तिन्ही प्रकार घेतं, आणि ३२ बिटचं प्लगिन ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवतं, तुमच्या कामाची गोष्ट हीच आहे भाऊ. त्यासाठी वाईनचे ३२ बिटचे पॅकेज पण टाकलेले पाहिजेत. प्लगिन आधी नेहमीसारखं वाईनमध्ये इन्स्टॉल करायचं, याब्रिजला ते फोल्डर दाखवायचं आणि सिंक म्हणायचं. नवीन प्लगिन टाकलं की पुन्हा सिंक.

दोन ठिकाणी मी अडकले होते. रीपर मी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फ्लॅटपॅकवालं घेतलं होतं, ते बंद डब्यात चालतं म्हणून त्याला बाहेरचं वाईन दिसत नाही, दोन रात्री गेल्या. रीपरच्या साइटवरूनच घ्या. आणि वाईन ९.२२ पासून पुढे याब्रिज ५.१.१ सोबत माऊसचा क्लिक भलतीकडेच लागतो, बटण इथे आणि क्लिक तिथे. म्हणून वाईन स्टेजिंग (वाईनचीच चाचणीवाली आवृत्ती) ९.२१ टाकून तिथेच थांबवून ठेवायचं, अपडेटमध्ये होल्ड करायचं.

प्लगिनचं लायसन्स कसं आहे तुमचं? सिरियल नंबर किंवा की फाइल असेल तर बहुतेक जमतं. यूएसबी डोंगलवालं (लायसन्ससाठी पेनड्राइव्हसारखी किल्ली लावावी लागते ते) असेल तर मात्र आशा ठेवू नका.

महालचा_ढोलकीवाला

ताई सिरियल नंबरच आहे, सीडीच्या डबीवर लिहिलेला, जपून ठेवला आहे. पण जुन्या गाण्यांचं काय? चाळीसच्या वर फायली आहेत एफएलच्या, मंडळवाले दरवर्षी तीच गाणी नवीन आवाजात मागतात. त्या रीपरमध्ये उघडतील का?

रात्रपाळी

नाही उघडणार, ती फाइल एफएललाच समजते. म्हणून जुन्यासाठी वाईनमधलं एफएल राहू द्या, काढू नका. त्यात उघडायचं, प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह (साधी ऑडिओ फाइल) करून काढायचा, तबला वेगळा, ढोलक वेगळा, कोरस वेगळा, टेम्पो फाइलच्या नावातच लिहून ठेवायचा. एकदा वेव्ह झाली की उद्या एफएल असो नसो, गाणं तुमच्या हातात. हे काम मी माझ्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या ट्रॅकसाठी एका पावसाळ्यात बसून केलं, त्याचा आजही उपयोग होतो.

सॅम्पलचं सोपं आहे. वाईनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह नावाचा टॅब आहे, तिथे डी हे अक्षर जोडून त्याला तुमची जुनी डिस्क जिथे माउंट होते तो रस्ता द्या. एफएल डी ड्राइव्हवर शोधतं आणि तिथे त्याला सगळं सापडतं. ती डिस्क नुसती वाचता येते आणि लिहिता येत नाही असं झालं तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राह्यलं असेल, विंडोज अजून असेल तर त्यात जाऊन ते बंद करा आणि नीट शटडाउन करा.

आणि हे सगळं करायच्या आधी वाईनचं आख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. बिघडलं तर ते परत ठेवलं की काम चालू.

एक गोष्ट कोणी बोललं नाही, ती म्हणजे गर्मी. नागपुरात एप्रिलात रात्री दोनलाही खोली तापलेली असते, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि दुपारी साफ वाजणारं गाणं रात्री कडकड करतं, माणूस सेटिंग शोधत बसतो. मागची जाळी साफ करा, लॅपटॉप खालून उचलून ठेवा, गादीवर तर अजिबात नको. कूलर माइकपासून लांब.

महालचा_ढोलकीवाला

तीन दिवसांनी येऊन राहिलो, माफ करा, लाइट पण गेली होती मधात.

तर्रीपोहा भाऊ, वाईनअसिओ रजिस्टर करायचं मी पण विसरलोच होतो, तुमचं वाचून केलं तेव्हा यादीत आलं. परवानगीचं काम केल्यावर २५६ वर एकदम साफ, १२८ वर ब्राउझर उघडा असला की मधात एखादी टिक येते, बंद केला की नाही. २५६ म्हणजे ५.३ मिलिसेकंद, बोटाला कळत नाही आता.

डी ड्राइव्ह जोडल्यावर सगळे सॅम्पल सापडले, फक्त दोन गाण्यांचे नाही, ते बहुतेक जुन्या पेनड्राइव्हवर राह्यले असतील. संत्राबर्फी ताई, रीपरमध्ये ढोलकीचं प्लगिन उघडलं, ९.२१ वर, क्लिक पण बरोबर लागतो, पण त्याची खिडकी पहिल्यांदा काळी दिसते, बंद करून परत उघडली की येते. तेवढं चालते मले.

पहिल्या गाण्याचा ठेका आज हातानं वाजवून रेकॉर्ड केला, एका टेकमध्ये झाला. कोरसवाल्या पोरी खाली येऊन राहिल्या, बाकी रात्री लिहितो.